रकान्यांमधला संसार : परदेशी जोडीदाराच्या अमेरिकी व्हिसा-अर्जाचा इतिहास

#थ्रेड

१. परदेशी पतीला वा पत्नीला अमेरिकेत कायमचे नेण्यासाठी आज तीन मुख्य कागद भरावे लागतात : नात्याचा दावा करणारी आय-१३० याचिका, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज आणि पोटापाण्याची हमी देणारे आय-८६४. वरवर पाहता हे कोरडे रकाने आहेत. परंतु यांतील बहुतेक प्रश्नांमागे एखादा कायदा, एखादा खटला किंवा बंदरावर अडवली गेलेली एखादी स्त्री आहे.

२. आरंभी असा अर्जच नव्हता. १८५५ च्या कायद्यानुसार अमेरिकी नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री विवाहाच्या क्षणीच नागरिक होत असे. मात्र ती स्वतः नागरिकत्वास पात्र असावी, अशी अट होती. १७९० पासून ही पात्रता फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तींना होती. १८७० मध्ये तीत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई पत्नीसाठी हे दार बंदच राहिले.

३. याच नियमाची दुसरी बाजू १९०७ मध्ये प्रकट झाली. परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व त्या वर्षीच्या कायद्याने काढून घेतले. कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेन्झी यांचे पती स्कॉटिश होते. मतदार म्हणून नाव नोंदवण्यास त्या गेल्या, तेव्हा त्या आता अमेरिकी नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय कायम ठेवला : विवाह स्वेच्छेने केला, तेव्हा त्याचे परिणामही स्वीकारले पाहिजेत. मायभूमी न सोडता एक स्त्री परदेशी ठरली.

४. चौकशीच्या कागदांची परंपरा मात्र याहून जुनी आहे. १८७५ च्या पेज कायद्याने आशियातून वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया आणण्यास बंदी घातली. हेतू रक्षणाचा सांगितला गेला. अंमलबजावणीत प्रत्येक चिनी स्त्री संशयित ठरली. हाँगकाँगमधील अमेरिकी वाणिज्य दूताच्या कचेरीत स्त्रियांना आपण स्वखुशीने जात आहोत का, आपण विवाहित आहोत का, आपले चारित्र्य कसे आहे, याची उत्तरे द्यावी लागत. त्यांची छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोला आधीच पाठवली जात आणि जहाज लागल्यावर चेहरे पडताळले जात. प्रस्थानापूर्वीची मुलाखत आणि अर्जावरील छायाचित्र या दोन्हींचे मूळ येथे दिसते.

५. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास मनाई केली. पुढे न्यायालयांनी ठरवले, की पत्नीचा दर्जा हा पतीचाच दर्जा. परिणामी मजुराची पत्नी मजूर म्हणूनच अडवली गेली. १९०० मध्ये गू लिम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की व्यापाऱ्याच्या पत्नीला वेगळ्या दाखल्याविना प्रवेश मिळेल. अर्थात, पत्नीला आणता येईल की नाही, हे विवाहावर नव्हे, तर पतीच्या धंद्यावर ठरू लागले.

६. मग कागदांवरचा विश्वासच उडाला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या आणि अनेक चिनी रहिवाशांनी आपला जन्म तेथीलच असल्याचा दावा केला. खरे-खोटे निवडण्यासाठी एंजल बेटावरील केंद्रात (१९१० ते १९४०) प्रदीर्घ उलटतपासण्या होऊ लागल्या. गावात घरांच्या रांगा किती, घरात तांदूळ कोठे ठेवतात, असे प्रश्न पती-पत्नींना स्वतंत्रपणे विचारले जात. उत्तरे जुळली नाहीत, तर विवाह खोटा.

७. या पद्धतीचा दोष सहज लक्षात येतो. वर्षानुवर्षे दूर राहिलेले खरे दांपत्य तपशिलात चुकू शकते. उलट, उत्तरे घोकून आलेली खोटी जोडी निभावून जाते. म्हणूनच त्या काळी उत्तरे पाठ करण्यासाठी लिहिलेल्या चोपड्या हातोहात फिरत आणि बेट दिसण्यापूर्वी समुद्रात फेकल्या जात. खऱ्या नात्याचे लोकही धास्तीपोटी त्या पाठ करीत.

८. १९२२ चा केबल कायदा हा स्त्रियांच्या चळवळीचा विजय होता. पत्नीचे नागरिकत्व पतीपासून बऱ्याच अंशी वेगळे झाले. त्याची दुसरी फलश्रुती कमी सांगितली जाते : परदेशी पत्नीला विवाहाबरोबर आपोआप मिळणारे नागरिकत्वही संपले. तिला आता परकी व्यक्ती म्हणूनच यावे लागे आणि नागरिकत्वासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागे. स्वातंत्र्य आणि अर्ज दोन्ही एकाच दिवशी तिच्या हाती आले.

९. आजच्या अर्जाचा खरा पूर्वज म्हणजे २६ मे १९२४ चा स्थलांतर कायदा. त्याने राष्ट्रनिहाय कोटे ठरवले आणि प्रत्येक स्थलांतरितासाठी परदेशातील अमेरिकी वाणिज्य दूताकडून व्हिसा घेणे बंधनकारक केले. अर्जात काय विचारावे, हे खुद्द कायद्यातच लिहिले होते : नाव, वय, वंश, जन्मस्थान, जोडीदार व मुलांची नावे, आई-वडिलांची नावे, उंची, वर्ण, डोळ्यांचा व केसांचा रंग, अंगावरील खुणा. तुरुंगात, निराधारांच्या आश्रमात किंवा वेड्यांच्या इस्पितळात कधी राहिला होता काय, हेही शपथेवर सांगावे लागे.

१०. सोबत जन्मदाखला, पोलिसांकडील माहिती व लष्करी सेवेची नोंद, उपलब्ध असल्यास, प्रत्येकी दोन प्रतींत जोडावी लागे. अर्जाला एक डॉलर आणि व्हिसाला नऊ डॉलर असे शुल्क होते. नागरिकाची पत्नी कोट्याबाहेर मोजली जाई. पण त्यासाठी पतीने शपथपूर्वक याचिका करायची आणि त्याला किमान वर्षभर ओळखणाऱ्या दोन जबाबदार नागरिकांनी लिहून द्यायचे, की हा गृहस्थ पत्नीला पोसण्यास समर्थ आहे. आजच्या आय-१३० आणि आय-८६४ या दोहोंचे बीज या एका कलमात आहे.

११. कायद्याची भाषा ‘पत्नी’ अशीच होती. अमेरिकी स्त्रीच्या परदेशी पतीला ही कोट्याबाहेरची वाट मोकळी नव्हती. त्याला कोट्यातच अग्रक्रम मिळे. पुरुष पत्नीला आणतो, स्त्री पतीच्या मागे जाते, हे गृहीतक छापील रकान्यांत उतरले होते. पती आणि पत्नी यांना एकाच शब्दात, समान पातळीवर, १९५२ च्या कायद्याने आणले.

१२. याच कायद्याचे आणखी एक कलम अधिक कठोर होते : जो नागरिकत्वास अपात्र, त्याला प्रवेश नाही. जुलै १९२४ मध्ये चार चिनी स्त्रिया सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचल्या. त्यांचे पती अमेरिकी नागरिक होते. चँग चॅन विरुद्ध नागल या खटल्यात २५ मे १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना प्रवेश नाकारला. त्याच दिवशी दुसऱ्या एका निकालात चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना प्रवेश मिळाला. कारण १८८० चा करार व्यापाऱ्यांना संरक्षण देत होता. परक्या व्यापाऱ्याला पत्नी आणता आली, स्वदेशी नागरिकाला नाही.

१३. चिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकांनी संघटित होऊन काँग्रेसपुढे हा अन्याय मांडला. १९३० मध्ये सवलत मिळाली, पण अर्धीच : २६ मे १९२४ पूर्वी झालेल्या विवाहांतील पत्नींनाच प्रवेश. त्यानंतर लग्न झालेल्या जोडप्यांचा संसार दोन खंडांत विभागलेलाच राहिला. संसाराचे भवितव्य लग्नाच्या तारखेने ठरवले. अर्जातील ‘विवाहाचा दिनांक’ या निरुपद्रवी रकान्याचे वजन यावरून कळते.

१४. भारतीयांच्या वाट्याला हीच गोष्ट वेगळ्या रूपात आली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, असे ठरवले. केबल कायद्यात एक अपवाद होता : अपात्र परदेशीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री नागरिकत्व गमावेल. क्रांतिकारक व विद्वान तारकनाथ दास यांच्याशी १९२४ मध्ये विवाह केलेल्या मेरी कीटिंग मोर्स अमेरिकेतच जन्मल्या होत्या. त्यांचे नागरिकत्व गेले. हा अपवाद १९३१ मध्ये रद्द झाला.

१५. थिंड यांच्या बाजूच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. १९१४ मध्ये ते लॉस एंजेलिस येथे अमेरिकी नागरिक झाले होते. थिंड निकालानंतर सरकारने त्यांच्यावरही नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. पंडितांनी वंशाचा वाद टाळला. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली पत्करली, घर घेतले, विवाह केला. ते काढून घेतल्यास आपल्या अमेरिकी पत्नीचेही नागरिकत्व धोक्यात येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. पत्नीच्या हक्काचा उल्लेख येथे पतीची ढाल ठरला.

१६. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र हलवले. लाखो सैनिक परदेशी होते. अनेकांनी तेथेच लग्ने केली. २८ डिसेंबर १९४५ च्या युद्धवधू कायद्याने सैनिकांच्या जोडीदारांना व मुलांना कोट्यातून आणि बऱ्याचशा कागदपत्रांतून मोकळीक दिली. जानेवारी १९४६ मध्ये ‘अर्जेंटिना’ हे जहाज साउदॅम्प्टनहून साडेचारशेंहून अधिक वधू आणि त्यांची मुले घेऊन निघाले. ज्या कामाला एरवी अनेक महिने लागत, ते राज्यसंस्थेने मनावर घेतल्यावर जलद होऊ शकते, हे सिद्ध झाले.

१७. तरीही वंशाची भिंत एकदम कोसळली नाही. चिनी बहिष्कार १९४३ मध्ये संपला, पण वार्षिक कोटा होता केवळ १०५. चिनी पत्नींना कोट्याबाहेर नेण्यास १९४६ चा वेगळा कायदा लागला. त्याच वर्षी लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा दिला. जपानी पत्नींसाठी सैनिकांना जुलै १९४७ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

१८. युद्धवधूंच्या कथेला एक काळी किनारही आहे. एलन नॉफ जर्मनीत जन्मल्या, नाझी काळात निसटून ब्रिटनला पोहोचल्या आणि ब्रिटिश हवाई दलात सेवा केली. १९४८ मध्ये त्यांनी अमेरिकी सेनेतून निवृत्त झालेल्या नागरिकाशी विवाह केला. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पोहोचताच त्यांना एलिस बेटावर रोखले गेले. कारण दिले गेले : गोपनीय माहिती. ती माहिती कोणती, हे ना त्यांना सांगितले, ना सुनावणी झाली.

१९. १६ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली : प्रवेश हा हक्क नाही, सवलत आहे. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तीव्र असहमती नोंदवली. वृत्तपत्रांनी आणि काँग्रेसमधील काही सदस्यांनी हे प्रकरण लावून धरले, तेव्हा कोठे सुनावणी झाली. पुरावा ऐकीव आणि तकलादू निघाला. १९५१ मध्ये नॉफ यांना प्रवेश मिळाला. पण तो निकाल मात्र उलटवला गेला नाही. नकाराच्या कारणांबाबत आजही अर्जदाराला जे अपुरे उत्तर मिळू शकते, त्याची वैचारिक बैठक तेथे आहे.

२०. १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटे मोडीत काढले आणि नागरिकाच्या जोडीदाराला संख्यामर्यादेबाहेरच ठेवले. आता ‘तू कोणत्या वंशाची?’ हा अडथळा नाही. मध्यवर्ती प्रश्न झाला ‘विवाह खरा आहे का?’. १९८६ च्या कायद्याने दोन वर्षांच्या आतल्या विवाहाला सशर्त निवासाचा दर्जा दिला; मुदत संपताना पुन्हा पुरावे द्यायचे. संशय असल्यास पती-पत्नींना स्वतंत्र खोल्यांत तेच प्रश्न विचारले जातात. एंजल बेट बंद झाले. तिथली पद्धत टिकली.

२१. सशर्त दर्जाने एक नवे परावलंबन निर्माण केले. अर्ज पतीच्या सहीवर अवलंबून, म्हणून छळ होत असूनही पत्नी घर सोडू शकत नसे. या अनुभवातून १९९४ च्या कायद्याने पीडित जोडीदाराला स्वतःच याचिका करण्याचा मार्ग दिला. १९९६ मध्ये पोषणाच्या हमीपत्राला कराराचे बळ मिळाले : सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवणे आवश्यक आणि घटस्फोटानेही ही जबाबदारी आपोआप संपत नाही. १९२४ मधील दोन साक्षीदारांच्या शब्दाची जागा आयकराच्या विवरणाने घेतली.

२२. २०१३ हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचे. विंडसर खटल्याच्या निकालानंतर समलिंगी जोडीदारांच्या याचिकाही स्वीकारल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी जोडीदाराचा कागदी अर्ज जाऊन डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज रूढ झाला. भारतातील स्थलांतर व्हिसाच्या मुलाखती आज प्रामुख्याने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होतात. तेथे येणाऱ्यांच्या हाती लग्नाचा नोंदणी दाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि लग्नाच्या छायाचित्रांचा गठ्ठा असतो.

२३. त्या गठ्ठ्यातील प्रत्येक कागदाला वंशावळ आहे. छायाचित्रामागे १८७५ चे हाँगकाँग, पोलिसांच्या दाखल्यामागे १९२४ चे कलम, वेगळ्या खोलीतील प्रश्नांमागे एंजल बेट, हमीपत्रामागे दोन साक्षीदार. काही रकाने अन्यायातून आले, काही अन्याय दूर करण्यासाठी आले. अर्जात मात्र ते शेजारी-शेजारीच बसले आहेत.

२४. आणि एक प्रश्न दीडशे वर्षांत सुटलेला नाही : दोन माणसांचे नाते खरे आहे, हे तिसऱ्याने कशावरून ठरवायचे? राज्यसंस्थेला कागद लागतो, संसार कागदावर मावत नाही. चँग चॅन यांच्या पत्नीकडे विवाह होता, व्हिसा नव्हता. एलन नॉफ यांनाही विवाह असून तीन वर्षे झगडावे लागले. अर्ज भरताना एखादा प्रश्न विचित्र वाटला, तर तो कोणासाठी प्रथम छापला गेला होता, याचा शोध घेण्याजोगा असतो.

#इतिहास #स्थलांतर