कणगी आणि कागद

चित्रपट पाहतांना आपलें लक्ष पात्रांवर असतें; त्यांच्या भोंवतालच्या वस्तूंकडे क्वचितच जातें. या वस्तूंचे दोन वर्ग आहेत. कणगी, उतरंड, भिंतीवरची तसबीर अशा ज्या वस्तु केवळ स्थळ व स्थिति सुचवितात, ती सजावट. जी वस्तु पात्र हातीं घेतें आणि जिच्यामुळें कथा पुढें सरकते, ती 'प्रॉपर्टी'. आमच्या लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत तमाशे होतात. तमाशांत राजवाडा शब्दांनीं उभा राहतो. राजाच्या हातीं तलवार मात्र लागतेच.

मराठी चित्रपटांत रंगविलेल्या पडद्यांऐवजीं भरीव नेपथ्य आणिलें तें कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं. १९२५ सालीं नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून त्यांनीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढिला. व्ही. शांताराम त्यांत शेतकरी झाले होते. त्यांतील अंधारी झोपडी शेतकऱ्याची दैना न बोलतां सांगते. हें सजावटीचें काम. परंतु तो जमिनीस मुकून शहरांत गिरणीकामगार होतो, तो सावकाराच्या खोट्या कागदापायीं. झोपडी दारिद्र्य दाखविते. कागद तें घडवितो.

हाच कागद कोनाड्यांत पडून असता, तर सजावटच ठरता. वस्तूचा वर्ग तिच्या घडणीवरून ठरत नाहीं, ती कोणाच्या हातीं जाते यावरून ठरतो. न वाचतां येणाऱ्या कागदावर ज्यांनीं आंगठा उठविला, त्यांस हा भेद चित्रपटानें शिकवावा लागला नाहीं.