बालवीर, सैनिक आणि सेवक : कुलाबा किनाऱ्यावरील तरुणांच्या शिबिरांचा इतिहास

शिबिर हा शब्द मूळचा लष्करी. सैन्य कूच करताना जेथे तळ देई ते शिबिर. आज शाळेतले मूल ‘मी शिबिराला जातो’ असे म्हणते, तेव्हा त्याच्या मनात लढाई नसते. तंबू, शेकोटी आणि मित्र असतात. हा शब्द रणांगणावरून शाळेच्या अंगणात कसा आला, आणि वाटेत त्याने कोणाला बरोबर घेतले व कोणाला दारातच थांबविले, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. बोर्ली पंचतनच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास कारण आहे. या इतिहासातील काही फार मोठे प्रसंग महाड, दासगाव, म्हसळा, श्रीवर्धन या आपल्याच मुलखात घडलेले आहेत.

प्रारंभ मात्र दूरचा आहे. बेडन-पॉवेल हा इंग्रज सेनापती बोअर युद्धात मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे नावारूपास आला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर सुमारे वीस मुले जमविली. त्यांत मोठ्या घराण्यांच्या खर्चिक शाळांतली मुले होती, तशीच जवळच्या गावांतल्या कामकऱ्यांचीही होती. त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीत दोन्ही थरांतील मुले मिसळली. दोरीच्या गाठी, माग काढणे, प्रथमोपचार, उघड्यावर स्वयंपाक असा तो अभ्यासक्रम होता. पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि बालवीर चळवळ जगभर पसरली.

त्या पुस्तकातील बालवीराच्या नियमांपैकी दोन नियमांकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. एका नियमात बालवीर हा दुसऱ्या प्रत्येक बालवीराचा भाऊ आहे, मग तो कोणत्याही सामाजिक वर्गाचा असो, असे सांगितले आहे. दुसऱ्यात बालवीराने राजाशी, अधिकाऱ्यांशी, देशाशी आणि आपल्या मालकांशी एकनिष्ठ राहावे, असे आहे. कामगारांमध्ये आयुष्य घालविलेल्या माणसाची नजर या ‘मालक’ शब्दावर अडखळल्याशिवाय राहत नाही. एका हाताने बंधुत्व दिले आणि दुसऱ्या हाताने ताबेदारी मागितली! या चळवळीचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन नियमांमधील झगडा आहे, असे आमचे मत आहे.

हिंदुस्थानात हा झगडा लगेच उघडा पडला. १९०९ साली बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत पहिले पथक निघाले, ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. या देशातल्या मुलाला या देशातल्या पथकात जागा नव्हती. तेव्हा आपल्या लोकांनी स्वतःची पथके काढली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेस, तर त्यानंतर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. १९२१ साली बेडन-पॉवेल येथे आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्यांच्या संघटनेत मिळाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३७ साली त्यांनी हिंदी माणसाच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांमुळे दुरावा वाढला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, हे प्रवाह ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या एका नावाखाली आले. राजनिष्ठेची शपथ गेली, पण गाठी आणि शेकोटी राहिली. हे योग्यच झाले. दोरीच्या गाठीला राजा नसतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कुलाबा जिल्ह्यात शिस्तीचा एक निराळाच झरा होता, आणि तो शाळेतून निघालेला नव्हता. महाडच्या आसपासच्या महार वस्त्यांतून पुष्कळ पेन्शनर सैनिक राहत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पण कवाईत, रांग आणि हुकूम यांचे संस्कार त्या घरांत उरले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. उलट हात उगारण्यास समर्थ अशी माणसे तेथे होती. बाबासाहेबांनी हात आवरा म्हणून सांगितले आणि ती माणसे आवरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली. बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावास उतरली. कोर्टाचा मनाई हुकूम आल्यामुळे पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब झाला. जेलची तयारी करून आलेल्या लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. समता सैनिक दलाची परंपरा याच काळातली. ज्यांना कोणत्याही पथकाने रांगेत उभे केले नसते, त्यांनी दाखविलेली ही शिस्त होती. आणि ती मालकाशी एकनिष्ठ राहण्यासाठी नव्हती, माणूस म्हणून पाणी पिण्यासाठी होती. बालवीर चळवळीच्या इतिहासात महाडचे नाव सापडत नाही. आमच्या मते ते तेथे असावयास हवे.

तिसरा प्रवाह सेवा दलाचा. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहातील स्वयंसेवकांच्या अनुभवातून डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल स्थापिले. १९२५ साली नागपुरास राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला. पुढे, ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. जात आणि धर्म न पाहता सर्वांना प्रवेश, आणि मुलांबरोबर मुलीही, हे सेवा दलाचे वैशिष्ट्य. मैदानावर खेळ, समूहगीते, बौद्धिक आणि सर्वांची एक पंगत, असा त्याच्या शिबिराचा क्रम. या शेवटच्या बाबीचे महत्त्व कमी लेखू नये. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, त्या काळात सर्व जातींची मुले शेजारी बसून जेवतात आणि आळीपाळीने भांडी घासतात, हे दहा व्याख्यानांपेक्षा मोठे शिक्षण होते.

त्या वेळी बोर्ली, श्रीवर्धन, म्हसळा हा टापू जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, महाडास, १९४२ च्या सप्टेंबरात नानासाहेब पुरोहित यांच्या पुढारपणाखाली तहसीलवर मोर्चा गेला आणि तरुणांनी गोळ्या झेलल्या. देश स्वतंत्र झाला तरी आपला भाग संस्थानीच राहिला होता. १९४८ च्या जानेवारीत नानासाहेब पुरोहित आणि तेव्हा अवघ्या बावीस-तेवीस वर्षांचे असलेले मोहन धारिया यांनी तरुणांची लोकसेना उभी करून संस्थान मुक्त करण्याचा लढा दिला. मार्चमध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाला. रांगेत उभे राहण्यास शिकलेले तरुण प्रसंगी काय करू शकतात, याचा हा दाखला आपल्याच अंगणातला आहे.

स्वातंत्र्यानंतर शिबिराचा अर्थ श्रम असा झाला. साने गुरुजींच्या मागे त्यांच्या नावाने सेवापथके निघाली; बाबा आमटे यांनी चंद्रपूरकडे सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली; १९६९ साली महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना आली. आपल्याच जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे आणि तेथे मुलांची शिबिरे भरतात.

मग आज उणे काय आहे? ३ जून २०२० चा दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले-पत्रे उडाले, रस्त्यांवर झाडे पडली, वीज गेली, फोन मुके झाले. बाहेरची मदत येईपर्यंत शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला हात दिला. दोर कसा बांधावा, जखमी माणसाला कसे उचलावे, पाणी कसे शुद्ध करावे, निरोप कसा पोहोचवावा: बालवीराच्या पहिल्या पुस्तकात जे होते, त्या सर्वांची गरज त्या आठवड्यात लागली. ही विद्या गावातल्या प्रत्येक मुलामुलीस येते काय, हा प्रश्न वादळाने विचारला आहे.

शिबिरे आज नाहीत असे नव्हे. उन्हाळ्यात समुद्रकाठी तंबू पडतात, पण त्यांतली पुष्कळशी फी घेऊन शहरातल्या मुलांना हौसेचा अनुभव देण्यासाठी असतात. ज्या कोळ्याच्या, कातकऱ्याच्या, वाडीतल्या मजुराच्या मुलाला वादळाला सर्वांआधी तोंड द्यावे लागते, तो त्या तंबूच्या बाहेर उभा असतो. १९०९ साली कातडीच्या रंगाने जे दार लावले, ते आज पैशाने लावले जाऊ नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमान्यांची मुले गावी येतात, तेव्हा गावाने आपल्या खर्चाने आठ दिवसांचे शिबिर भरवावे. त्यात गावातली मुले आणि मुंबईची मुले, मुलगे आणि मुली, सर्व आळ्यांची, मोहल्ल्यांची आणि वाड्यांची मुले असावीत. ब्राउनसीवरून गाठी घ्याव्यात, महाडहून संयम घ्यावा, सेवा दलाकडून पंगत घ्यावी. शिक्षक बाहेरून आणण्याचे कारण नाही. होडीचा दोर बांधणारा कोळी आणि सुपारीवर चढणारा पाडेली यांच्याइतका गाठींचा जाणता गुरू मिळावयाचा नाही. आणि शेवटच्या दिवशी भांडी घासण्याच्या पाळीत कोणाचे नाव राहून गेले, एवढे मात्र गावाने तपासून पाहावे.