बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा आहार : खरी कसोटी दुसऱ्या वर्षापासून

अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष बहुतेकांना सुखद वाटते. दर महिन्याला वजन उतरत जाते, जुने कपडे सैल होतात, मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही. या आनंदात आजार कायमचा गेला, आता काही करायचे उरले नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. मात्र दुसऱ्या वर्षाच्या सुमारास वजन उतरणे थांबते आणि अनेकांचे ते हळूहळू थोडे वाढूही लागते. या टप्प्यावर रुग्णाच्या हाती काय असते, याची माहिती शस्त्रक्रियेच्या आधीच असलेली बरी.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाने या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींची तुलना तेवढ्याच संख्येच्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्थूल व्यक्तींशी करण्यात आली. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक ते दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलो वजनाची व्यक्ती आधी ८२ किलोपर्यंत उतरली आणि नंतर ९० किलोच्या आसपास राहिली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या वजनात या काळात फारसा फरक पडला नाही. शस्त्रक्रियेचा लाभ टिकाऊ आहे आणि थोडे वजन परतणे अपेक्षितच आहे, हे दोन्ही निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सरासरीच्या मागे मात्र पुष्कळ तफावत दडलेली असते. काहींचे वजन तसूभरही वाढत नाही, तर काहींचे बरेचसे परत येते. या तफावतीला शरीराचा स्वभाव कारणीभूत असतो, तसेच रोजचे जेवणही.

हा विषय गोव्याला दूरचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. स्थूलता आणि मधुमेह यांचे नाते जवळचे आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा २७.५ बॉडी मास इंडेक्स इतकी खाली आणली आहे. त्यामुळे पुढील काळात अशी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती अधिकाधिक घरांत असणार.

शरीरात नेमके काय बदलते

आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. त्यामुळे आहार कमी होतो, पचनसंस्थेतील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि लोह, कॅल्शियम, ब-१२ यांचे शोषणही घटते.

पहिल्या वर्षी भूक आपोआप कमी असते आणि चार घासांत पोट भरते. कालांतराने जठर थोडे सैलावते, भूक काही अंशी परतते आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते. पोटाचा हा आवर ढिला पडेपर्यंत खाण्याच्या नव्या सवयी अंगवळणी पडलेल्या असाव्यात. पहिल्या वर्षाचे खरे काम हेच आहे.

पहिले दोन महिने

सुरुवातीला एक-दोन दिवस केवळ पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप असे पातळ पेय घोट घोट दिले जाते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, पातळ डाळ, प्रथिनांची पावडर घातलेली पेये. मग घोटलेले व कुस्करलेले अन्न. पुढे मऊ शिजवलेले पदार्थ. आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घन अन्न, असा क्रम असतो. रुग्णालयांनुसार दिवस थोडे मागेपुढे होतात. आपल्या शल्यचिकित्सकाने दिलेला तक्ता पाळावा. शेजारच्या रुग्णाच्या तक्त्याशी तुलना करून पुढचा टप्पा लवकर गाठू नये. जठराला घातलेले टाके भरून येण्यास हा अवधी लागतो.

पानात प्रथम प्रथिने

पोटात जागा थोडी असल्याने ती कशाने भरायची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. काहींना याहून अधिक लागतात. प्रथिने अपुरी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो, केस गळतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होणारी केसगळती बहुधा तात्पुरती असते. आहार सुधारल्यावर केस परत येतात.

आपल्या जेवणाची रचना येथे उलटी करावी लागते. गोमंतकीय पानात भाताचा ढीग मधोमध आणि त्यावर हुमण, हा शिरस्ता आहे. शस्त्रक्रियेनंतर आधी बांगड्याची फोड खावी, मग भाजी आणि उरलेल्या जागेत दोन-तीन चमचे भात घ्यावा. सुदैवाने मासळी हे उत्तम प्रथिन आहे. शंभर ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात, ती मऊ असते आणि सहज पचते. फक्त ती रव्यात घोळून तेलात तळण्याऐवजी शिजवून किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून घ्यावी आणि नारळाचा दाट रस बेताचाच असावा.

मांसाहारी व्यक्तीचा दिवसाचा हिशेब पाहू. दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६, दुपारी ७५ ग्रॅम मासळी १५, वाटीभर दही ५ आणि रात्री तेवढीच शिजवलेली कोंबडी २०, अशी बेरीज साठच्या आसपास येते. शाकाहारींना व श्रावण पाळणाऱ्यांना अधिक विचार करावा लागतो. पनीर, दही, मुगागाठी, अळसांद्यांची उसळ, सोयाबीनच्या वड्या यांची सांगड घालूनही प्रमाण भरत नसेल, तर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर घ्यावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा पोट भरतात. प्रथिने जवळजवळ देत नाहीत.

उकड्या तांदळाच्या पेजेबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. आजारपणात पेज हा आपल्या घरांतला पहिला उपाय. पण ती पिष्टमय आहे, पटकन खाली उतरते आणि थोड्या वेळाने पुन्हा भूक लागते. बिस्किटे, चिप्स, आइस्क्रीम, चहात बुडवलेला पाव यांचाही तोच गुण. घन अन्नाने पोट भरल्याची जाणीव होते, या पदार्थांनी ती होतच नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दोन-तीन वर्षांनी वजन वाढलेल्या व्यक्तीने आधी दिवसभरात अशा पदार्थांचे किती घास जातात, ते पाहावे.

चावणे, थांबणे, पाणी पिणे

लहान घास घ्यावा, तो पूर्ण चावावा आणि जेवण वीस ते तीस मिनिटे चालू द्यावे. पोट भरल्याची पहिली चाहूल लागताच थांबावे. छातीच्या मध्यभागी दडपण, एकाएकी उचकी किंवा नाक गळणे, अशा रीतीने अनेकांना ही सूचना मिळते. त्यानंतरचा एक घासही उलटीला कारण होऊ शकतो.

जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबावे. एरवी दिवसभर घोट घोट करून किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवे. गोव्याच्या दमट उन्हाळ्यात घाम भरपूर येतो, त्यामुळे निर्जलीकरण लवकर होते. साखर न घातलेले पातळ ताक किंवा फिकट सोलकढी चालते. शीतपेये आणि डबाबंद फळरस टाळावेत.

गोडाचा त्रास

बायपासनंतर साखरेचा मोठा अंश एकदम आतड्यात उतरला, तर डम्पिंग सिंड्रोम हा त्रास होतो. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी जाणवतो. त्यात इन्सुलिन अधिक स्रवल्याने रक्तातील साखर घसरते, हात थरथरतात, डोके हलके होते. स्लीव्हनंतरही काहींना हा अनुभव येतो. चवथीच्या नेवऱ्या आणि पातोळ्या किंवा नाताळातले दोदोल आणि बेबिंका यांचा एखादा तुकडा जेवणाच्या शेवटी, प्रथिने पोटात गेल्यावर चाखणे वेगळे आणि रिकाम्या पोटी ताटली संपवणे वेगळे. साखर घसरण्याचा त्रास वारंवार होत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

जीवनसत्त्वे जन्मभर

पहिल्या वर्षानंतर गोळ्या बंद करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. उणीव सावकाश वाढते आणि लक्षणे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रचलित मार्गदर्शनानुसार दररोज बहुजीवनसत्त्वाची गोळी, आहारासह एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे ३००० आंतरराष्ट्रीय एकके ड जीवनसत्त्व आणि ३५० ते १००० मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह आवश्यक असते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नये. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. चहा-कॉफीबरोबर लोहाची गोळी घेतल्यास तिचे शोषण घटते. नेमकी मात्रा रक्ततपासणीनंतर डॉक्टरच ठरवतात. ही तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी.

वारंवार उलट्या होत असतील, तर ब-१ म्हणजे थायमिन काही आठवड्यांतच संपते. दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, पायांना बधिरता ही त्याची लक्षणे आहेत. उपचारास विलंब झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रिया झाल्याचे तेथील डॉक्टरांना आधी सांगावे. तीव्र पोटदुखी, ताप, काळे शौच यांनाही हाच नियम लागू आहे. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. बायपासनंतर त्यांनी व्रण होण्याचा धोका असतो. धूम्रपानानेही तो वाढतो. गर्भधारणेसाठी १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो.

मद्याविषयी सावधगिरी

शस्त्रक्रियेनंतर मद्य लवकर रक्तात उतरते आणि नशा वेगाने चढते. पूर्वी दोन पेल्यांनी जे होत असे, ते एका पेल्याने होते. फेणी असो की बिअर. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. अन्नाचा आधार सुटल्यावर काहींचे मन दुसरा आधार शोधते. पहिले वर्षभर मद्य पूर्ण टाळावे. पुढेही ते न घेतलेले उत्तम, आणि घेतल्यास वाहन मुळीच चालवू नये.

वजन पुन्हा चढू लागल्यास

आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन किलोंची वाढ दिसताच आठवडाभर खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी. बहुतेक वेळा कारण त्या नोंदीतच सापडते. सकाळची न्याहारी चुकलेली असते, चार वाजता फरसाण सुरू झालेले असते, व्यायाम थांबलेला असतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हे प्रमाण पाळावे. त्यानंतरही वाढ थांबत नसेल, तर शल्यचिकित्सकांकडे जावे. जठराची रचना तपासणे, औषधे देणे, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करणे असे पर्याय उपलब्ध आहेत. अनेकजण शरमेपोटी तपासणीला जाणेच सोडून देतात आणि उपायाची वेळ निघून जाते. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे. मधुमेहाची साखर वाढल्यावर आपण डॉक्टरांपासून तोंड लपवत नाही, तसे येथेही लपवू नये.

घरच्यांचा वाटा

आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग मानला जातो. लग्नाच्या पंगतीत, जत्रेच्या दिवशी, माहेरी गेल्यावर पाहुण्याच्या पानात आणखी एक डाव पडल्यावाचून यजमानाला समाधान नसते. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला मात्र तो एक डाव उलटीपर्यंत नेतो, किंवा मोडलेल्या सवयीकडे. लहान ताटली, ठरलेली जेवणाची वेळ, घरात फरसाणाचे डबे न भरणे आणि सर्वांसाठीच कमी तेलाचे जेवण, एवढे घरातील माणसांनी केले, तर रुग्णाला रोज स्वतःशी झगडावे लागत नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती पहिल्यापासून आहारतज्ज्ञाच्या भेटीला सोबत असावी. आणि रुग्ण "पुरे" म्हणाला की वाढणाऱ्याने हात आवरावा.