हैदराबाद-भारत वाटाघाटी (१९४७-४८) आणि रझाकार प्रश्न : बुलढाणा सरहद्दीच्या संदर्भात

प्रस्तावना :
१९४७ साली बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडमध्ये समाविष्ट होता. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा व लोणार हा त्याचा दक्षिण भाग हैदराबाद संस्थानच्या सरहद्दीलगत होता. १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. तथापि निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम राहिले. इंग्रजी सत्ता जाताना निजामाने वऱ्हाडवर पुन्हा हक्क सांगितला. त्यामुळे दिल्ली-हैदराबाद वाटाघाटींशी या जिल्ह्याचे भवितव्य प्रत्यक्ष निगडित होते.

जैसे थे करार :
ऑक्टोबर १९४७ मध्ये कराराचा मसुदा सिद्ध झाला. परंतु २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे वेढली आणि त्यांचे दिल्लीस प्रयाण रोखले. पंतप्रधान छत्तारीचे नवाब पायउतार झाले. अखेर २९ नोव्हेंबर रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ झाला. अंतर्गत सुव्यवस्थेसाठी भारताने संस्थानात सैन्य पाठविण्याची तरतूद त्यात नव्हती. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेचा तर उल्लेखही नव्हता. ज्या शक्तीने करार लांबविला, तीच कराराच्या कक्षेबाहेर राहिली.

वाटाघाटींचे अपयश :
पुढील काळात रझाकारांचे अत्याचार वाढले आणि असंख्य कुटुंबांनी वऱ्हाडसह लगतच्या प्रांतांत आश्रय घेतला. सरहद्दीवरील छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते नाक्यांवर हल्ले करीत. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्याची तक्रार हैदराबाद सरकार करीत होते. जून १९४८ च्या मसुद्यात रझाकारांचे टप्प्याटप्प्याने विसर्जन व जबाबदार राज्यपद्धती यांचा समावेश झाला. मात्र निजामाने तो नाकारला. २१ जून रोजी माउंटबॅटन भारतातून गेले आणि तडजोडीचा हा मार्ग खुंटला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी व रझाकारांवरील बंदी जाहीर केली. महिनोन्‌महिने चर्चेत न मिळालेली गोष्ट पाच दिवसांत मान्य झाली. परंतु शांतता लगेच प्रस्थापित झाली नाही. मराठवाड्यासह अनेक भागांत मुस्लिम नागरिकांच्या हत्या झाल्या. सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा किमान अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तिचा अहवाल २०१३ पर्यंत जनतेसाठी खुला नव्हता.

निष्कर्ष :
वाटाघाटींमध्ये सार्वभौमत्वाच्या प्रश्नास अग्रक्रम मिळाला, सशस्त्र संघटनेचे विसर्जन मात्र लांबणीवर पडले. विसर्जनाची अट पहिल्या करारातच नसल्याने स्वाक्षरी करणाऱ्या शासनापेक्षा स्वाक्षरी न करणारी संघटना प्रबळ ठरली. शस्त्रे खाली ठेवल्यानंतर नि:शस्त्र नागरिकांच्या संरक्षणाची आगाऊ योजनाही आवश्यक होती. तिच्या अभावाची किंमत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या सामान्य रयतेस मोजावी लागली, असे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.