'छापत आहे' : आगामी ग्रंथांच्या जाहिराती आणि भिवंडीच्या वखारी

ठाणे सोडून खाडी ओलांडली की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या जुन्या आग्रा रस्त्यावरील गावांतून, आणि पलीकडे मानकोलीपासून पडघ्यापर्यंत महामार्गाच्या दुतर्फा, जिथे दोन पिढ्यांपूर्वी भाताची खाचरे होती तिथे आज पत्र्याच्या उंच छपरांच्या वखारींची अखंड रांग लागते. आणि या वखारींत साबणापासून यंत्रांपर्यंत जो सर्व प्रकारचा माल उतरतो व पुन्हा चढतो, त्यात ग्रंथही असतात, याकडे ग्रंथप्रेमी माणसाचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक ५ जून २०१३ रोजी अ‍ॅमेझॉन या अमेरिकन कंपनीने हिंदुस्थानात आपले दुकान मांडले, तेव्हा तिची या देशातील पहिली वखार भिवंडीतच होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस फूट होते, आणि आरंभी विक्रीस ठेवलेल्या मालात चित्रपट व दूरदर्शन मालिका यांच्या जोडीने मुख्य वस्तू होती ती पुस्तके. ज्या ग्रंथाच्या प्रकाशनाची तारीख अद्याप उगवलेली नाही, परंतु ज्याची मागणी वाचकांनी आधीच नोंदवून ठेवली आहे, अशा ग्रंथाच्या प्रती तारखेपूर्वी येऊन पडण्याची जागा म्हणजे अशाच वखारी होत.

भिवंडीला हा धंदा नवा नाही. आपला नव्हे असा माल उतरवून घ्यावा, सांभाळावा आणि पुढे पाठवावा, हे या गावाचे फार जुने काम आहे. कामवारी नदीच्या काठी, खाडीच्या आतल्या अंगाला वसलेले हे बंदर मोगल अमदानीत इस्लामाबाद या नावानेही ओळखले जात असे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराच्या पहिल्या नौकांची बांधणी सुरू झाली. पुढे १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि भिवंडी त्या मुख्य मार्गापासून बाजूस राहिली. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग बसवले, विसाव्या शतकात त्यांच्या जागी यंत्रमाग आले, आणि बंदराचे गाव मागांचे गाव झाले. वखारींचा विस्तार त्यानंतरचा. आणि त्याचे एक मोठे कारण मुंबईची जकात हे होय. महापालिकेच्या नाक्याबाहेर, पण नाक्याच्या अगदी तोंडाशी माल ठेवण्यात व्यापाऱ्याची सोय होती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. वखारी मात्र गेल्या नाहीत, उलट वाढल्या.

परंतु माझा विषय वखार हा नसून तिच्यात पडलेल्या त्या अप्रकाशित ग्रंथामागची प्रथा हा आहे. जे पुस्तक अजून झालेले नाही ते होणार असे प्रकाशकाने जाहीर करावे, आणि वाचकाने त्या शब्दावर विसंबून पैसे पुढे करावेत, ही प्रथा मराठीत मुद्रणकलेइतकीच जुनी आहे. आणि मराठी ग्रंथव्यवहाराचा खरा इतिहास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांइतकाच या अभिवचनांत साठलेला आहे, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ छापणे हे धनिकाचे अथवा सरकारचे काम होते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला. पण छापखाना निघाला म्हणजे ग्रंथकाराच्या हाती पैसा आला असे होत नाही. कागद रोखीने घ्यावा लागे, खिळे जुळवणाऱ्याची मजुरी थांबत नसे, आणि पुस्तक विकले जाण्यास वर्षे लागत. शिक्षणखात्याने प्रती घेतल्या किंवा दक्षिणा फंडातून पारितोषिक मिळाले तर ठीक. एरव्ही ग्रंथकर्त्याला एकच मार्ग उरे. तो एक पत्रक काढी. त्यात ग्रंथाचा विषय, अदमासे पृष्ठसंख्या आणि आकार सांगून, आगाऊ पैसे भरणारास किंमत इतकी व मागाहून घेणारास इतकी, असा दुहेरी भाव नमूद केलेला असे. पुरेशा सह्या जमल्या म्हणजे छपाईस हात घालावयाचा, अशी रीत होती. ग्रंथ सिद्ध झाला की आश्रयदात्यांची नावे त्यात छापली जात. कोणी संस्थानिक पंचवीस प्रतींचा धनी, कोणी मामलेदार दोन प्रतींचा, कोणी शाळामास्तर एका प्रतीचा. परंतु तिघांचीही नावे एकाच यादीत येत. ही यादी केवळ शिष्टाचार नव्हती. ज्यांनी उधारी दिली त्यांची ती जाहीर पावती होती.

ज्या विद्वानांजवळ धीर अधिक आणि द्रव्य कमी, त्यांनी याच रीतीला मासिकाचे रूप दिले. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'त गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी क्रमाने आली. १८७८ साली साने, मोडक व शाळिग्राम यांनी 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुन्या बखरी व कविता महिन्यामहिन्याने वर्गणीदारांच्या हाती दिल्या. कोल्हापुरास विजापूरकरांनी १८९४ साली मासिक काढले त्याचे नावच 'ग्रंथमाला'. आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनी दप्तरांतील कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने हप्त्याहप्त्याने छापण्यास आरंभ केला. यांतील प्रत्येक अंक हा पुढल्या अंकाचा करार होता. संपादकाला पुढचा मजकूर मिळवावाच लागे, वर्गणीदाराला पुढची वर्गणी भरावीच लागे, आणि दोहोंपैकी एक जण थकला की ग्रंथ मध्येच तुटे. क्वचित मृत्यूच आड येई. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले आणि त्यांची 'कर्मयोग' ही कादंबरी अपुरीच राहिली. ज्यांनी तिची प्रकरणे वाचली होती त्यांचे येणे कायमचे थकले, आणि हे येणे पैशाचे नव्हते.

भिवंडीसारख्या गावी ही अभिवचने पोहोचत ती टपालाने. तालुक्याचे ठाणे असल्यामुळे येथे मामलेदार कचेरी होती, न्यायालय होते, शाळा होत्या. म्हणजे कारकून, वकील आणि मास्तर हा जो मराठी ग्रंथांचा मुख्य गिऱ्हाईकवर्ग, तो येथे आपोआपच नांदत होता. शेजारी कल्याणला १८६४ साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, आणि भिवंडीचे वाचन मंदिरही याच परंपरेतले. पुस्तकांचे दुकान ज्या गावी नाही तेथे व्ही. पी.ची सोय हेच दुकान असे. टपालवाल्याने पुडके पुढे करावे, पैसे मोजून घ्यावेत, आणि मग दोरा तोडावा. मराठी प्रकाशन मुंबई-पुण्याच्या बाहेर जगले ते या तालुक्याच्या गावांच्या बळावर, आणि प्रकाशकांच्या आठवणींत त्या गावांना जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी मिळालेली नाही.

या प्रथेचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश'. येथे थोडे थांबले पाहिजे. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या या पुरुषाजवळ संस्थानिकाचा आश्रय नव्हता की विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. आणि जे कार्य त्याने अंगावर घेतले ते तर तेवीस खंडांचे, म्हणजे कोणत्याही मराठी प्रकाशकाने पाहिले नव्हते एवढे. केतकरांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, आणि प्रतिनिधी गावोगाव पाठवून, स्वतःही फिरून, न लिहिलेल्या ग्रंथाचे ग्राहक मिळवले. पहिला खंड १९२० साली बाहेर पडला. आपल्या या उद्योगाचा हिशेब त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडला आहे. ज्ञानकोशाच्या लेखांत दोष काढणारे पुष्कळ निघाले, आणि ते दोष खरेही असतील. परंतु हजारो मराठी कुटुंबांना न झालेल्या ज्ञानाची किंमत आगाऊ भरावयास लावणे, आणि मग ते ज्ञान खरोखर त्यांच्या घरी नेऊन पोहोचवणे, हा पराक्रम माझ्या मते कोशातील कोणत्याही लेखापेक्षा मोठा आहे. यशवंत रामकृष्ण दाते यांच्या मंडळाने १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले, आणि पुढे महादेवशास्त्री जोशी यांनी 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड पुरे केले, ते याच वाटेने जाऊन.

येथे एक भेद ध्यानी येतो. कोश, चरित्र, इतिहास यांच्यासाठी वाचक पैसे आधी देतो, कारण विषय व विस्तार सांगितला म्हणजे वचनाचे माप ठरते. पण कादंबरीचे माप कसे सांगावे? तिच्याविषयी प्रकाशक फार तर लेखकाचे नाव सांगू शकतो. म्हणून ललित वाङ्मयाची आगामी यादी ही निराळ्या प्रकारची झाली. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजना'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढल्यानंतर, दिवाळी हाच नव्या पुस्तकांच्या घोषणेचा मुहूर्त ठरला. पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर, मलपृष्ठावर, दिवाळी अंकाच्या जाहिरातींत 'छापत आहे', 'लवकरच प्रसिद्ध होत आहे', 'आमची आगामी प्रकाशने' अशा मथळ्यांखाली पाच-सात नावे येत, आणि वाचक त्यांतून आपले वर्ष आखी. १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' मासिक काढले, तेव्हा ग्रंथांच्या वार्तेलाच स्वतंत्र घर मिळाले. कोणाचे काय येत आहे हे कळण्यासाठी आता मुंबईच्या दुकानात उभे राहण्याची गरज उरली नाही. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने तर वाचकालाच सभासद करून घेतले, आणि 'बलुतं' (१९७८) व 'उपरा' (१९८०) यांसारखी पुस्तके, ज्यांना जुन्या पद्धतीने ग्राहक मिळाले असते की नाही याची मला शंका आहे, त्या सभासदांच्या हाती प्रथम गेली. मला या सर्व कालखंडात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते : अपरिचित लेखकासाठी वाचकांचा समूह आधीच उभा असणे.

जे जाहीर झाले ते सारे निघाले असे मात्र नाही. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. शंकर गणेश दात्यांनी तर १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची 'मराठी ग्रंथसूची' एकहाती करून अवघ्या महाराष्ट्राला ऋणात ठेवले. पण 'छापत आहे' म्हणून जाहीर झालेले आणि कधीच न छापलेले ग्रंथ कोणत्या सूचीत शोधावेत? लेखकाची प्रकृती, कागदाची टंचाई, भागीदारांतील कलह, आणि दुसऱ्या महायुद्धातील कागदनियंत्रण, यांनी किती पुस्तके गिळली याचा पत्ता त्या जाहिरातींखेरीज अन्यत्र लागत नाही. एका पिढीने काय लिहावयाचे योजले होते हे जाणावयाचे असेल तर त्या जाहिरातींकडेच वळले पाहिजे.

उलट, काही पुस्तके कोणाच्याही यादीत नसता जन्मास येतात, आणि त्यांपैकी एकाचे मूळ भिवंडीत आहे. मे १९७०मध्ये भिवंडीत झालेल्या दंगलीनंतर हिंदी लेखक भीष्म साहनी हे बंधू बलराज यांच्यासह येथे आले. जळालेली घरे आणि थांबलेले माग पाहून त्यांना १९४७चे रावळपिंडी आठवले, आणि त्यातून 'तमस' ही कादंबरी निर्माण झाली. तिला १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भिवंडीच्या नावावर हिंदी वाङ्मयातील एवढे मोठे पुस्तक जमा आहे, हे या गावाबाहेर फारसे कोणी सांगत नाही.

आजची पूर्वनोंदणी ही जुन्या वर्गणीची वारस असली तरी तिचा कणा बदलला आहे. प्रकाशक तारीख जाहीर करतो, वाचक आपली मागणी कळवतो, प्रती वखारीत येतात, आणि ठरल्या दिवशी पुडकी बाहेर पडतात. यात सोय अपार आहे. खेड्यातल्या वाचकालाही पुस्तक लवकर मिळते, आणि हा लाभ कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. पण पुस्तक निघावे म्हणून त्या वाचकाने काही जोखीम घेतलेली नसते. पुस्तक निघणारच असते. त्याची नोंदणी केवळ रांगेतील जागा असते. त्याचे नाव प्रकाशकालाही ठाऊक होत नाही, मग ते ग्रंथात छापले जाण्याची गोष्ट दूरच. ज्या गावातून पुस्तक वाचकाकडे निघते त्या गावात ते कोण वाचतो, हेही मग प्रकाशकाला कळत नाही. २०१६च्या डिसेंबरात भिवंडीत राष्ट्रीय उर्दू पुस्तकमेळा भरला. कारखान्यांच्या व वखारींच्या या गावात वाचकही नांदतात, ही गोष्ट त्या वेळी बाहेरच्यांनाही दिसून आली. मराठी प्रकाशकांनी आपल्या आगामी ग्रंथांची यादी घेऊन याच गावात, वखारीच्या दारात नव्हे तर वाचन मंदिराच्या दारात, का येऊ नये?

जुन्या ग्रंथालयांकडे मात्र एक विनंती तातडीने करावीशी वाटते. खिळखिळे झालेले पुस्तक पुनर्बांधणीस जाते तेव्हा बांधणारा प्रथम मलपृष्ठ काढतो आणि शेवटची जाहिरातींची पाने मजकूर नव्हेत म्हणून कापून टाकतो. ठाणे, कल्याण, भिवंडी येथील संग्रहांत शतकभराची पुस्तके आहेत, आणि ती आज ना उद्या बांधणाऱ्याकडे जातीलच. ती जाण्यापूर्वी अखेरची पाने उतरवून घ्यावीत, ग्रंथाचे नाव, लेखक, जाहीर झालेली किंमत आणि जाहिरातीचे साल एवढे जरी टिपले, तरी दात्यांच्या सूचीला एक पुरवणी आपोआप तयार होईल. हे काम एका ग्रंथपालाला आणि दोन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात सुरू करता येण्यासारखे आहे.