शेवटच्या टोपलीचा हिशेब

सुगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खळं येतं. मळणी झाली, रास पडली की पूर्वी त्या राशीभोवती गाव गोळा व्हायचं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर केलेल्या कामाचं बलुतं तिथंच मापून मिळायचं. बलुतेदारांच्या काही याद्यांत मुलाण्याचंही नाव येतं. म्हणजे आमच्यापैकीही कुणीतरी त्या रांगेत उभं असायचं. पीक चांगलं तर सगळ्यांचं बरं, पीक बुडालं तर शेतकऱ्याबरोबर बलुतेदारही उपाशी. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अपमान होता, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण खळ्यावर उभा राहणारा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. पीक वाटून घ्यायला पुष्कळ जण येतात. पीक गेलं तर तोटा कुणी वाटून घ्यायचा?

गेल्या साठ वर्षांत जगाच्या तीन-चार कोपऱ्यांत काही माणसांनी या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं. इंग्रजीत त्याला 'कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर' म्हणतात. आपण सोयीसाठी 'सभासदांची शेती' म्हणू. कल्पना साधी आहे. भाजीच्या शेताचा वर्षाचा खर्च काढायचा: बियाणं, खत, अवजारं, मजुरी आणि शेतकऱ्याच्या घरखर्चासकट. त्या खर्चाचे वाटे करायचे. शहरातली कुटुंबं हंगामाआधी एकेक वाटा विकत घेतात आणि मग दर आठवड्याला शेतात निघेल त्यातली एक टोपली घरी नेतात. भरपूर निघालं तर टोपली भरलेली, कीड पडली तर अर्धी. पैसे परत मागायचे नाहीत.

जपानमध्ये याची सुरुवात भीतीतून झाली. मिनामाता गावात कारखान्यातला पारा समुद्रात गेला, मासळीतून माणसांच्या अंगात गेला. तो आजार १९५६ मध्ये उजेडात आला. पुढं शेतातल्या विषारी फवारण्यांविषयीही लोक विचारू लागले. सहकारी चळवळीतले तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकारानं १९७१ मध्ये जपानी सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. सावाको अरियोशी या लेखिकेची प्रदूषणावरची लेखमाला १९७४-७५ मध्ये 'आसाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात रोज छापून येत होती. घरोघरच्या गृहिणींनी शेतकऱ्यांना गाठलं आणि थेट बोलणी केली. या व्यवहाराला ते 'तेइकेई' म्हणतात. त्याचा अर्थ हातमिळवणी. १९७८ मध्ये संघटनेनं त्याची दहा तत्त्वंही लिहून काढली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे टस्कीगी हे नाव मराठी घरांत पोचलेलं आहे. कार्व्हर १९४३ मध्ये गेले. त्याच टस्कीगीत पुढं बुकर टी. व्हॉटली नावाचे कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ शिकवत होते. लहान कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज मिळणं मुश्किल, जमिनी हातच्या जात होत्या. व्हॉटलींनी सांगितलं, पंचवीस एकर पुरे. मात्र शेत पक्क्या रस्त्यावर हवं आणि पन्नास हजार वस्तीच्या शहरापासून चाळीस मैलांच्या आत हवं. शहरातल्या कुटुंबांचा सभासद क्लब करा, वर्षाची वर्गणी आधी घ्या, आणि माल त्यांनाच तोडून नेऊ द्या. शेतकऱ्याला बँकेच्या दारात जाऊ न देणारं भांडवल त्यांनी असं गिऱ्हाइकाकडून उभं केलं.

अमेरिकेत ज्या दोन शेतांवरून हे नाव रूढ झालं, त्यांना मात्र वाट दाखवली युरोपनं. झुरिचजवळच्या अशाच शेतावर काम केलेले यान व्हँडर टाउन मॅसेच्युसेट्समधल्या साउथ इग्रिमाँटला आले. तिथं रॉबिन व्हॅन एन यांची 'इंडियन लाइन फार्म' नावाची शेती होती. १९८५ च्या शरदात त्यांनी आधी सफरचंदांच्या बागेवर प्रयोग केला. तीस वाटे विकले आणि ३६० बुशेल, म्हणजे अंदाजे पावणेसात टन सफरचंदं वाटली. काहींचा रस केला, काहींचा व्हिनेगर. पुढच्या वर्षी भाजीचे वाटे निघाले.

त्याच १९८६ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये टेंपल-विल्टन शेत सुरू झालं. तिथं जर्मनीहून आलेले ट्राउगर ग्रोह होते. त्यांची रीत आणखी वेगळी. वार्षिक सभेत खर्चाचा अंदाज मांडायचा आणि प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगायचा. बेरीज कमी भरली तर पुन्हा फेरी. भाजी मात्र ज्याला लागेल तेवढी; दिलेल्या पैशाशी तिचा संबंध नाही. आगाऊ पैसे भरणं हे पैसेवाल्यांनाच जमतं, असा आक्षेप या शेतीवर नेहमी घेतला जातो. त्याचं उत्तर या शेतानं पहिल्याच वर्षी देऊन ठेवलं होतं.

आगाऊ पैसे आपल्यालाही नवे नाहीत. सावकाराची उचल होतीच. पीक आलं न आलं, तिचं व्याज चालूच. माझे आजोबा बागवान होते. ते आंब्याची बाग मोहोर पाहून उक्ती घ्यायचे. झाडं मोजायची, अंदाज बांधायचा आणि ठरलेली रक्कम मालकाच्या हातात ठेवायची. झाडं लगडली की मालक हळहळायचा. एका साली मार्चातल्या गारांनी बाग झोडपली, तेव्हा आजीच्या पाटल्या गेल्या. मालक सज्जन होता, घरी येऊन दुःख सांगून गेला. पण सौदा तो सौदा. उक्त्या व्यवहारात तोटा ज्याच्या अंगावर पडतो, त्याचा तो एकट्याचा असतो. सभासदांच्या शेतीत तो शंभर घरांत वाटला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार कोबी कमी येतात. कुणाच्या पाटल्या जात नाहीत.

म्हणून या शेतांवर हंगामाचा शेवट महत्त्वाचा. ईशान्य अमेरिकेत साधारण जूनमध्ये टोपल्या सुरू होतात. पहिलं कडक दहिवर पडलं की टोमॅटो, काकडी, मिरची संपते. ऑक्टोबरच्या अखेरीच्या टोपलीत टिकाऊ माल असतो: लाल भोपळा, बटाटे, कांदे, गाजर, बीट, कोबी. रिकाम्या वाफ्यांत राय पेरतात, म्हणजे हिवाळ्यात माती धुपत नाही. मग हिशेब होतो. काय पिकलं, काय गेलं, किती खर्च झाला, पुढच्या वर्षी कोण राहणार.

या हिशेबाची खरी परीक्षा पुरात होते. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळ व्हर्माँट राज्यावर आलं. तिथल्या बर्लिंग्टन शहराला लागून विनुस्की नदीकाठी इंटरव्हेल नावाचा सखल पट्टा आहे. तिथल्या भाजीच्या शेतांत सभासदांचंही शेत आहे. ऐन भरात नदी शेतांत शिरली. पुराचं पाणी लागलेली भाजी माणसांच्या खाण्यासाठी विकायची नाही, असा तिथला दंडक. पाणी लागलं त्या पिकाचा हंगाम त्याच दिवशी संपला. बाजारात विकणाऱ्या शेतकऱ्याचं उत्पन्न तिथंच बुडतं. सभासदांनी मात्र पैसे वसंतातच दिलेले असतात. जुलै २०२३ मध्ये त्याच पट्ट्यात पुन्हा पूर आला.

२०१५ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या ७,३९८ शेतांनी या पद्धतीनं माल दिल्याची नोंद आहे. आकडा लहान नाही. पण नाव तेच राहून आतला करार पुष्कळ ठिकाणी पातळ झाला आहे. आठवड्याचे पैसे आठवड्याला, नको ती भाजी बदलून, कमी पडलं तर दुसरीकडून आणून टोपली भरलेली. गिऱ्हाइकाची सोय झाली हे खरं. मात्र तोटा पुन्हा शेतकऱ्याच्या एकट्याच्या अंगावर आला.

आपल्याकडेही शहरांत घरपोच भाजीच्या टोपल्या येऊ लागल्या आहेत. ताजी आहे का, बिनविषारी आहे का, हे आपण विचारतो, विचारलंच पाहिजे. पण टोमॅटोचा भाव कोसळला की उभ्या पिकात नांगर फिरतो आणि रस्त्यावर लाल चिखल होतो, तेव्हा त्यातला आपला वाटा किती, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

तिकडं ऑक्टोबरमध्ये, शेवटच्या टोपल्या जात असतानाच, लसणाच्या पाकळ्या मातीत लावतात. हिवाळाभर तो लसूण बर्फाखाली राहतो आणि पुढच्या जुलैत निघतो. तो खाणारे सभासद तेव्हा ठरलेलेही नसतात. म्हणून टोपली हातात देताना शेतकरी विचारतो, "पुढच्या वर्षी आहात ना?" आणि त्या वर्षी काकडी किडली असेल, टोमॅटो कुजले असतील, तरीही काही माणसं "आहोत" म्हणतात. ही शेती त्यांच्या जिवावर टिकते.