टिलींची एलिझाबेथ

मी काही इतिहास शिकलेली नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. परंतु दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत बोस्टनला जाण्याचा योग आला. तिच्या यजमानांनी एके दिवशी आम्हांला प्लिमथ गाव दाखविले. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून आले, त्यांनी वसविलेले हे गाव. भूमी मुळात वाम्पानोआग लोकांची. तेथील टेकडीवर जुन्या दफनभूमीत जॉन हाउलंड याची शिळा आहे. तिची हकीकत ऐकली, ती मनातून जात नाही.

हाउलंड हा जॉन कार्व्हर यांच्याकडे चाकरीस होता. वाटेत वादळात तो समुद्रात पडला. पण बाहेर लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला, म्हणून वाचला. पुढे त्याला दहा मुले झाली. आज त्याचे वंशज अगणित आहेत. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट त्यांतलेच.

पण त्याची बायको कोण? कार्व्हर हे वसाहतीचे पहिले गव्हर्नर. हाउलंडची बायको त्यांच्याच घरातली मुलगी, असे वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणि ते खरेही मानले जाई. मोठ्या घराशी नाते जोडलेले कोणाला आवडणार नाही!

खरी गोष्ट गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. परंतु ते हस्तलिखित बोस्टनमधून नाहीसे झाले होते. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपांच्या ग्रंथसंग्रहात सापडले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. त्यात हाउलंडची बायको ही जॉन टिली यांची मुलगी एलिझाबेथ, असे स्पष्ट होते. आजच्या शिळेवर टिलींचेच नाव आहे.

ही एलिझाबेथ जहाजात चढली तेव्हा तेरा वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसे दगावली. तिचे आईबाप दोघेही गेले. परक्या मुलखात पोर एकटी उरली. तिने संसार केला, दहा मुले वाढविली आणि १६८७ साली मुलीच्या घरी देह ठेवला. एवढे करूनही तिचे माहेर मात्र लोक विसरले!

तिच्या आईची गोष्ट तर याहून वाईट. ब्रॅडफर्ड यांनी तिचे नाव दिलेच नाही. ‘जॉन टिली व त्याची बायको’ एवढेच लिहिले. पुढे शोध घेणाऱ्यांनी इंग्लंडातील हेनलो गावच्या चर्चच्या नोंदवह्या चाळल्या, तेव्हा तिचे नाव जोन व माहेरचे आडनाव हर्स्ट असल्याचे कळले. आता तिकडे मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था आहे. तिचे सभासद होण्यास प्रत्येक पिढीच्या जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. घरात ऐकले एवढे सांगून चालत नाही.

परत आल्यावर मी आमच्या घरची वंशावळ काढून पाहिली. सात पिढ्यांचे पुरुष नावानिशी. बायकांचा पत्ताच नाही. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांच्या बायकांची नावे विचारतात, पण तीही सासरची. लग्नात नाव बदलले की जुने नाव कोण घेणार? मी सासूबाईंजवळ वही घेऊन बसले. त्यांनी आपल्या सासूचे माहेर, गाव, पाळण्यातले नाव सगळे सांगितले. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.”

माझ्या आईच्या आईचे माहेर कोणते, हे मात्र मी आईला विचारले नाही. आता आई नाही. आमच्याकडे कोणाच्या ग्रंथसंग्रहात ते सापडावयाचे नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ आजच बसा. तिचे, तिच्या आईचे, सासूचे माहेरचे नाव लिहून घ्या. आणि खाली आपलेही लिहा.